मागच्या इंजिनासोबत चार दिवस

दिवस पहिला: पुणे ते कर्जत

श्रावण लागून चार दिवस झाले होते. सकाळी शेजारच्या काकांकडे गेले आणि म्हटलं, "काका, घाटात जाऊया का? चार दिवस, फक्त इंजिनं बघायची." काका रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले. पेपरमधून डोकं वर न काढता त्यांनी विचारलं, "कुठली इंजिनं?" मी म्हटलं, "बँकर." पेपर खाली आला. "थांब, काकूला सांगतो," म्हणाले आणि आत जाऊन छत्रीच घेऊन आले.

मला इंजिनांचं वेड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपण कराडला गेलं. पुणे–मिरज मार्गावर तेव्हा डिझेल इंजिनं धावायची आणि त्यात डब्ल्यूडीएम-२ हे आमचं दैवत. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा आराखडा, सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बांधणी. स्टेशनात नुसतं उभं असलं तरी ते पोटातून गडगडत राहायचं. चप्पल काढून फरशीवर उभं राहिलं की ती गडगड तळव्यांना कळायची. सुटताना आधी काळा लोट, मग हिसका. ते इंजिन गेलं की हवेत डिझेलचा वास रेंगाळायचा आणि मी तो गेल्याशिवाय घरी निघायची नाही.

पुढे विजेची इंजिनं आली. वॅप-७ फलाटावरून सुटलं की त्याचा चढत जाणारा सूर ऐकायला मी आजही थांबते. पण गेली काही वर्षं जीव जडलाय तो घाटातल्या बँकरवर. गाडीच्या शेपटाला लागायचं, तिला घाटमाथ्यावर ढकलून द्यायचं आणि रिकाम्या हाती खाली परतायचं, एवढंच त्याचं काम. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर. याच्या पलीकडे त्याला जग नाही.

आम्ही मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने निघालो. लोणावळा सोडलं आणि ढगात शिरलो. खंडाळ्यापुढे खिडकीतून काहीच दिसेना, फक्त पांढरं आणि मधूनच काळ्या कातळावरून उडी घेणारं पाणी. काका मात्र डोळे मिटून सांगत होते. "आता मंकी हिल." गाडी बोगद्यात शिरली. "नागनाथ." पुन्हा बोगदा. "ठाकूरवाडी. आता जांबरुंग येईल." त्यांना खिडकीची गरज नव्हती, वळण कुठल्या अंगाला घेतंय त्यावरून ते ओळखत होते.

हा घाट १८६३ मध्ये खुला झाला. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६१ च्या सुमारास इथे चाळीस हजारांवर माणसं राबत होती. पटकीने त्यातली किती गेली याचा हिशेब कुठल्याही कमानीवर कोरलेला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ मध्ये वारला. त्याच्या मागे त्याची बायको अॅलिस हिने ते कंत्राट पुढे नेलं. एकोणिसाव्या शतकात, परक्या मुलखात, नवरा गेलेला आणि समोर सह्याद्री. मला या बाईबद्दल फार आदर वाटतो. खंडाळ्याजवळ सुरुवातीला उलटफेर स्टेशन होतं. गाडी तिथे पोचली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढे चढायचं, कारण वळण घ्यायला डोंगरात जागाच नव्हती. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून मार्ग बदलला तेव्हा ते बंद झालं.

कर्जतला उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते. गरम वडा घेतला आणि फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला जाऊन बसलो. कर्जतचा वडा नावाजला त्यातही बँकरचा हात आहे. पुण्याकडे जाणारी गाडी इथे बँकर लागेपर्यंत थांबणार, प्रवासी खाली उतरणार, वडा खाणार. ही पाच-सात मिनिटं पिढ्यान् पिढ्या मिळत आली म्हणून वडेवाल्यांची चूल पेटती राहिली.

पहिली गाडी आली. पुढे वॅप-७, मागे वीस डबे. गाडी थांबते न थांबते तोच मुंबईकडून दोन इंजिनं एकमेकांना जोडलेली, हळूहळू, जवळजवळ चालत आली. वॅग-७, अंगावर कल्याण शेडचं नाव. शेवटच्या डब्यापासून चार हातांवर थांबली. पॉइंट्समन रुळात उतरला, कपलिंग बघितलं, हात हलवला. इंजिन पुढे सरकलं आणि दोन पोलादी मुठी एकमेकींत अडकाव्यात तसा आवाज झाला. मग त्याने वाकून हवेचे पाइप जोडले आणि कॉक उघडला. फस्स करून हवा शिरली. शेवटच्या डब्याखालून पाण्याचे थेंब उडाले.

"आता बघ," काका म्हणाले.

पुढच्या इंजिनाने शिट्टी दिली. मागच्याने उत्तर दिलं. आधी मागची जोडी हलली, अगदी बोटभर, आणि डबे एकमेकांवर टेकत टेकत पुढे गेले. मग सगळी गाडी एकदम चालू लागली. वॅग-७ च्या मोटारींचा घुमणारा आवाज आमच्या समोरून गेला तेव्हा हातातल्या चहावर वर्तुळं उठली.

गाडी गेल्यावर काकांनी मला रुळाकडे बोट दाखवलं. फलाटाच्या कडेवरून खाली बघितलं. ओल्या, काळपट चमकणाऱ्या रुळाच्या माथ्यावर पिठाच्या रांगोळीसारखी फिकट रेघ उमटली होती. "वाळू," काका म्हणाले. "चाक घसरू नये म्हणून चाकापुढे नळीतून सोडतात. चाकाखाली आली की भरडून पीठ होतं. वाळू कोरडी हवी, ओली झाली तर नळीतच गोळा होऊन बसते आणि ऐन बोगद्यात इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहतं." पाऊस ती रेघ आमच्या डोळ्यांदेखत पुसत होता. दहा मिनिटांत रूळ पुन्हा काळा झाला.

दुपारी जोर आला पावसाला. गाड्यांच्या मधल्या वेळात काकांनी पेपरच्या कडेला हिशेब मांडला. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वीस डब्यांची गाडी साधारण हजार टन, इंजिन स्वतः १२३ टन. एकूण वजन भागिले ३७ केलं तर गाडी मागे न येता जागेवर धरून ठेवायलाच तीस टनांचा जोर लागतो. त्यात चाकांचं आणि वळणांचं घर्षण वाढतं. वॅप-७ चा सुरुवातीचा ओढण्याचा जोर तेहतीस टनांच्या आसपास, तोही रूळ कोरडा असेल तर. ओल्या रुळावर इंजिनाला आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकीच पकड मिळाली तर तो पंचविसावर येतो. "सहा हजार अश्वशक्ती असून काय उपयोग? पाय धरायला जमीनच नाही," काका म्हणाले. वॅग-७ ची ताकद पाच हजार अश्वशक्ती, वॅप-७ पेक्षा कमी, वेगही ताशी शंभरच. पण त्याचे गिअर मालगाडीसाठी केलेले, त्यामुळे सुरुवातीचा जोर चाळीस टनांच्या वर. धावण्याचं इंजिन वेगळं आणि रेटण्याचं वेगळं, हे मला त्या पेपरच्या कडेला पहिल्यांदा नीट कळलं.

मी विचारलं, "मग ही दोन्ही पुढेच का नाही लावत?"

"सगळा भार पहिल्या कपलिंगवर येईल. मागून लावलं की पुढचे डबे पुढचं इंजिन ओढतं, मागचे मागचं रेटतं, मध्ये कुठेतरी भार शून्य होतो. आणि समजा कपलिंग तुटलंच, तर मागे कुणीतरी उभं पाहिजे की नको?"

मध्ये कुठेतरी भार शून्य होतो. त्या डब्यात बसलेल्या माणसाला काहीच जाणवत नसणार, ना ओढ ना रेटा. मी त्या डब्याचा विचार रात्री लॉजवर झोपेपर्यंत करत होते.

दिवस दुसरा: नेरळ, माथेरान आणि पुन्हा कर्जत

माथेरानची छोटी गाडी बघितल्याशिवाय घाटातल्या इंजिनांची फेरी पुरी होत नाही, म्हणून लोकलने नेरळला गेलो. पावसाळ्यात नेरळहून वर गाडी जात नाही. फक्त वरच्या अंगाला अमन लॉज ते माथेरान शटल चालते. टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत आणि तिथून चालत अमन लॉज.

फार वेळ मिळाला नाही, धुकं इतकं दाट की डब्याच्या खिडकीतून पुढचा डबासुद्धा पुसट दिसत होता. पण त्या दोन फुटी रुळांवर उभं राहिल्यावर मनात जे आलं ते सांगते. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ मध्ये ही लाइन चालू केली. चढ २० ला १, भोर घाटाच्या जवळजवळ दुप्पट, आणि वळणं अशी की साधं सहा चाकी इंजिन त्यात अडकून बसेल. म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या आराखड्यावर जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने चार वाफेची इंजिनं बांधली, ज्यांच्या टोकाच्या चाकांचे आस आडवे सरकू शकत. वळण आलं की चाकं स्वतःहून वळणाला शरण जात. हाच कॅलथ्रॉप आपल्या बार्शी लाइटचा. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ मध्ये अडीच फुटी गाडी त्याने चालवून दाखवली. माझे आजोळचे लोक त्या गाडीबद्दल अजून बोलतात.

आता तिथे डिझेल इंजिनं आहेत. पूर्वी उतारावर प्रत्येक डब्यावर ब्रेकवाला उभा असायचा आणि इंजिनाच्या शिट्टीवर हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. काका म्हणाले, "म्हणजे गाडी पाच-सात माणसांच्या मनगटावर उतरायची." ते स्वतः उताराला फार मानतात. चढाला इंजिन लागतं, उताराला माणूस लागतो, असं त्यांचं मत.

दुपारपर्यंत खाली आलो. माझ्या कॅमेऱ्याच्या भिंगात आतून बाष्प धरलं होतं, ते शेवटपर्यंत गेलं नाही. त्यामुळे या प्रवासाचे फोटो फार थोडे आहेत. लिहून ठेवायचं त्यामुळेच जास्त मनावर घेतलं.

संध्याकाळी कर्जतच्या पुढच्या पळसदरीला गेलो. इथून एक फाटा खोपोलीला जातो आणि दुसरा घाट चढायला लागतो. फलाट जवळजवळ रिकामा. डोंगराचा पाय इथेच सुरू होतो, त्यामुळे चढणाऱ्या गाडीचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहतो. एक गाडी समोरून गेली आणि मग आम्ही घड्याळ लावून बसलो. पुढच्या इंजिनाचा आवाज डोंगराआड गेला तरी बँकरचा येतच होता. बारीक होत, मध्येच बोगद्यात गिळला जात, पुन्हा वर येत. अकरा मिनिटं ऐकला. मग पावसाने झाकला.

काका त्यांच्या बँकरच्या दिवसांबद्दल इथे बोलले. एरवी ते फार बोलत नाहीत.

"मी असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा बँकरला डब्ल्यूसीजी-२ होती. दीड हजार व्होल्ट डीसीवरची. चित्तरंजनला बांधलेली सत्तावन्न इंजिनं, सगळी आपल्या मुंबईच्या दोन घाटांसाठी. दुसरीकडे कुठे चालायचीच नाहीत ती, कारण असली वीज दुसरीकडे नव्हती. उन्हाळ्यात केबिनमध्ये भट्टी. पण इंजिन गुणाचं."

"पुढचं काहीच दिसत नसेल ना?"

"गार्डच्या डब्याची पाठ दिसते. अर्धा फूट खिडकी आणि तो लाल दिवा. सिग्नल पुढच्याला दिसतो, वळण पुढच्याला दिसतं, ब्रेकही पुढच्याच्या हातात. आपण ऐकायचं. पूर्वी शिट्ट्यांवर, नंतर वॉकीटॉकीवर. आणि अँपिअरच्या काट्यावर नजर, मोटारी किती वीज खातात ते तो दाखवतो. काटा चढला की पुढे चढ कडक झालाय. काटा पडला की पुढच्याने जास्त ओढलंय, आपण मागे पडतोय. नॉच, म्हणजे जोर वाढवायच्या पायऱ्या, एकदम घ्यायचे नाहीत. आधी डबे एकमेकांवर नीट टेकू द्यायचे, मग एकेक. घाई केलीस तर मधल्या डब्यात चहा सांडतो. आणि कुणाच्या हातचा चहा सांडला तर तो आपल्यामुळे सांडला."

मी कर्जतच्या फलाटावर कितीदा तरी उतरून वडा घेतला असेल. चहासुद्धा. एकदाही सांडलेला आठवत नाही.

दिवस तिसरा: कल्याण, कसारा, इगतपुरी

सकाळच्या लोकलने कल्याण. कल्याणला एका यार्डात शंटिंगचं डिझेल दिसलं, एकाच बाजूला केबिन, पुढे लांब नाक. डबे इकडून तिकडे लावत होतं. मला ही शंटर इंजिनं खूप आवडतात आणि त्यांच्याबद्दल एक अख्खा दिवस देऊन लिहायला हवं, पण आमची नाशिककडची गाडी लागली होती.

कसाऱ्यापर्यंत सरळ. तिथे पुन्हा तेच: गाडी थांबली, मागे बँकर लागले, शिट्टी झाली आणि घाट सुरू झाला. थळ घाट लांबीने भोर घाटाच्या जवळजवळ निम्मा, पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण चढ तोच, ३७ ला १. १८६५ मध्ये खुला झाला. इथेही उलटफेर स्टेशन होतं, ते १९१८ मध्ये गेलं. एहेगावचा पूल आला तेव्हा डब्यातली सगळी मुलं एका खिडकीला लागली. दरीच्या तळापासून सुमारे एकशेऐंशी फूट उंच. खाली ओढा तपकिरी उसळत होता आणि वर आम्ही इतक्या संथपणे जात होतो की कठड्यावरचे शेवाळाचे ठिपके मोजता येत होते. पुलावर असताना मागून बँकरचा आवाज वेगळा येतो. दोन्ही बाजूंना डोंगर नसतो, त्यामुळे तो परत फिरून येत नाही, नुसता सुटून जातो.

इगतपुरीला उतरून आधी मिसळ खाल्ली. मग फलाटाच्या टोकाला बाक पकडला, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

इगतपुरी म्हणजे काकांच्या पिढीचं काशी. १९२५ मध्ये मुंबईत विजेची पहिली गाडी धावली, व्हीटी ते कुर्ला, दीड हजार व्होल्टवर. १९३० पर्यंत ही डीसी वीज दोन्ही घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचली. त्या घाटांसाठी जी इंजिनं आणली त्यातलं मालगाडीचं इंजिन म्हणजे डब्ल्यूसीजी-१, पहिली स्वित्झर्लंडहून आणि बाकीची इंग्लंडहून. एकूण एक्केचाळीस. मध्ये केबिन, दोन्ही बाजूंना सोंडेसारखं नाक, आणि चाकांना बाहेरून जोडणारे दांडे. वळणावर नाकं केबिनपासून वेगळी वळायची. रेल्वेची माणसं त्याला खेकडा म्हणत. पहिल्याला मुंबईच्या गव्हर्नरचं, सर लेस्ली विल्सन यांचं नाव दिलेलं. ते आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. मी तिथे गेले होते तेव्हा त्याच्या दांड्याला हात लावून उभी राहिले होते. थंड, जाड, तेलाचा थर वाळून चामड्यासारखा झालेला.

पुढे देशभर पंचवीस हजार व्होल्टचं एसी आलं आणि भुसावळकडून ते इगतपुरीपर्यंत येऊन थांबलं. इकडे डीसी, तिकडे एसी. प्रत्येक गाडीचं इंजिन इथे बदलायचं. नंतर दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, डब्ल्यूसीएएम. त्यातली डब्ल्यूसीएएम-३ मला अजून आठवतात. पुण्याच्या गाड्यांना असायची आणि लोणावळा सोडताना पंख्यांचा असा घोष करायची की डब्यात बोलणं थांबायचं. मुंबईच्या मुख्य मार्गावरचं डीसी २०१५ मध्ये आणि हार्बरवरचं २०१६ मध्ये संपलं. काका म्हणाले, "एका विजेवर नोकरी लागली, दुसऱ्या विजेवर निवृत्त झालो."

दुपारी एक मालगाडी येऊन थांबली. पुढे वॅग-९. मला या इंजिनाचा सूर फार आवडतो, सुटताना पायऱ्या चढत जावं तसा एकेक पट्टी वर जातो. थ्री-फेज मोटारी, सहा हजारांवर अश्वशक्ती, आणि उताराला मोटारीच जनित्र होऊन वीज परत तारेत सोडतात. म्हणजे एक गाडी घाट उतरत असताना तिने केलेली वीज चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येते. काकांना हे फार पटतं. "डोंगराकडून घेतलेलं डोंगरालाच देतो," म्हणाले. माल वाहायला आता बारा हजार अश्वशक्तीची जोडइंजिनं, वॅग-१२, मधेपुऱ्यात बनतात आणि त्यांचं एक शेड नागपूरला आहे. कोळशाच्या लांबलचक गाड्या ती ओढतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, ओळख अजून व्हायची आहे.

संध्याकाळी मुंबई–दिल्ली राजधानी आली. जानेवारी २०१९ मध्ये ही गाडी मध्य रेल्वेवरून सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तिला दोन्ही टोकांना एकेक वॅप-७ लावायला सुरुवात झाली. पुढचं ओढतं, मागचं रेटतं, आणि दोन्हींवर ताबा पुढच्याच लोको पायलटचा. कसाऱ्याला बँकर घ्यायला थांबायची गरज नाही. वंदे भारतला तर तेवढंही लागत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत हे दोन घाट बँकरशिवाय चढतात, कारण निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. निम्मी गाडी स्वतःच चढते. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली ती याच भोर घाटातून, आणि त्याच बाईंनी २०११ च्या महिलादिनी डेक्कन क्वीन मुंबईला नेली होती. आमच्या जिल्ह्याची बाई. ती बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले होते.

राजधानी न थांबता घाटातून वर आल्याची बघितली तेव्हा माझं मन दोन्हीकडे ओढलं. वेळ वाचतो हे खरंच आहे, आणि घाटात बँकर लावताना-सोडताना जाणारी मिनिटं रोजच्या डझनावारी गाड्यांची मोजली तर कितीतरी होतात. तरी मी काकांना विचारलं, "बँकर जातील का हो?"

"मालगाड्या आहेत तोवर नाही जात," म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "आणि गेले तर घाट सोपा झाला असं समजायचं. त्याच्यासाठीच तर ढकलत होतो."

दिवस चौथा: इगतपुरी ते लोणावळा

आज फक्त एकच गोष्ट करायची होती: बँकरच्या शक्य तितक्या जवळ बसून भोर घाट चढायचा.

इगतपुरीहून कल्याणला उतरलो आणि पुण्याकडे जाणारी एक एक्स्प्रेस पकडली. शेवटचा डबा गार्डचा आणि सामानाचा, तिथे आपल्याला जागा नाही. त्याच्या आधीच्या जनरल डब्यात शिरलो. गर्दी होती. एका आजींनी पिशवी मांडीवर घेऊन मला खिडकीशी टेकायला जागा दिली. काका दाराशी, आत, दांडा धरून.

कर्जतला गाडी थांबली. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण आता ते आवाजाने कळत होतं. सावकाश येणारी चाकं. शांतता. मग मऊ धक्का, इतका मऊ की आजींनी मानही वळवली नाही. डब्याच्या लाकडी फळीतून मात्र तो माझ्या पाठीला कळला. हवेचा फुसकारा. "लागला," काका म्हणाले.

निघालो. या वेळी पहिला जोर पाठीमागून आला. पळसदरी मागे पडली आणि चढ लागला तसा डब्याच्या तळातून एक थरथर यायला लागली, ती लोणावळ्यापर्यंत थांबली नाही. बोगद्यात शिरलो की मोटारींची घरघर भिंतींवरून परत यायची आणि डबा भरून जायचा. कुणी बोलायचं थांबायचं, कुणी आवाज चढवायचं. बाहेर पडलो की पाऊस आणि झाडं.

ठाकूरवाडीच्या पुढे मोठं डावं वळण आलं आणि मी खिडकीतून मागे बघितलं. पहिल्यांदाच त्याला काम करताना समोरून पाहिलं. सामानाच्या डब्याला छातीने टेकून, पेंटोग्राफ तारेला लावून, दोघं एकामागे एक. तारेवरून पाण्याची माळ ओघळत होती आणि पेंटोग्राफ खालून गेला की ती तुटायची. पुढच्या काचेत वायपर एकसारखा फिरत होता. त्या काचेपुढे अडीच-तीन फुटांवर आमच्या गाडीची पाठ, दुसरं काही नाही. वायपर तरीही फिरत होता. मी काकांना हाक मारली. ते आले, वाकून बघितलं, आणि वळण संपेपर्यंत तसेच वाकून राहिले.

डोंगराच्या कडेला रेनकोट घातलेली हिल गँगची माणसं उभी होती. पावसाळ्यात दरडींवर लक्ष ठेवतात, सैल दगड आधीच पाडून टाकतात. गाडी जाताना त्यातल्या एकाने हिरवी झेंडी उघडून धरली होती. पुढच्या इंजिनासाठी. मागचं जाईपर्यंत त्याने ती खाली घेतली नाही.

उतारावरच्या लाइनवर मंकी हिलला एक मालगाडी थांबलेली दिसली. उतारावर गाडी ताब्याबाहेर गेलीच तर तिला बाजूला काढून चढावर थांबवायला इथे कॅच सायडिंग ठेवली आहे. खाली येणाऱ्याने आपण थांबू शकतो हे आधी दाखवायचं, मग मुख्य लाइन मिळते. त्या थांबलेल्या गाडीच्या शेजारून आम्ही चढत गेलो. खंडाळ्याला धुकं इतकं होतं की फलाट आला कधी आणि गेला कधी कळलं नाही.

लोणावळ्याला आम्ही उतरलो. पुण्याचं तिकीट होतं, पण काका म्हणाले, पुढच्या लोकलने जाऊ. दोघंही मागे धावलो. पॉइंट्समनने कॉक बंद केला, पाइप सोडले, दांडा ओढून कपलिंग उघडलं. त्याने हात केला, आणि ती जोडी वीतभर मागे सरली. तेवढ्यात पुढून शिट्टी झाली आणि गाडी पुण्याकडे निघून गेली. एकाही डब्याच्या खिडकीतून कुणी मागे बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं.

इंजिनातून गरम हवा येत होती. पावसाचे थेंब जाळीवर पडून चर्र करून वाफ होत होते. केबिनच्या खिडकीतून एक तरुण असिस्टंट डोकावला. काकांनी विचारलं, "काटा कुठवर गेला होता?" त्याने चमकून बघितलं, मग आकडा सांगितला. काका नुसतं "हं" म्हणाले, पण चेहरा खुलला. "कुठल्या शेडला होता, काका?" त्याने विचारलं. "कल्याण. बँकरलाच." तो दार उघडून दोन पायऱ्या खाली आला आणि काकांच्या हातात हात दिला. त्याच्या हाताला वंगण होतं. काकांनी नंतर तो हात बराच वेळ पुसला नाही.

बाजूच्या लाइनवर आधीच्या गाडीचे बँकर उभे होते. ही जोडी जाऊन त्यांना लागली. चार इंजिनं एकत्र, मागे एकही डबा नाही. दहा-बारा मिनिटांनी सिग्नल पिवळा झाला. शिट्टी देऊन ती चौघं कर्जतकडे उतरू लागली, आणि शेवटच्या इंजिनाचा लाल दिवा धुक्यात जाईपर्यंत आम्ही तिथे उभे होतो. खाली कर्जतला पुढची गाडी यायची होती.